टप उघडणारी गाडी आणि मिरगाचा पाऊस : गुहागरच्या एका कन्व्हर्टिबलचं प्रकरण

माझं गॅरेज चिपळूणच्या बाजूला आहे, वीसेक वर्षं झाली. येणाऱ्या गाड्या म्हणजे बोलेरो, वॅगनआर, आंब्याचे टेम्पो, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या. ज्या गाडीबद्दल लिहितोय ती माझ्या रोजच्यातली नव्हेच, आणि म्हणूनच मी त्यात दोन-तीन चुका केल्या ज्या इथे लपवणार नाहीये. मालकाला विचारून लिहितोय. त्यांना आपण भाऊ म्हणू. गाडीची कंपनी सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण हा प्रकार कापडी टपाच्या, म्हणजे घडी होणाऱ्या छपराच्या, कुठल्याही गाडीत होऊ शकतो.

पार्श्वभूमी

भाऊंचा गुहागरला समुद्राला लागून होमस्टे आहे. सहा खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे सुरूचं बन आणि त्यापलीकडे पुळण. मागच्या नोव्हेंबरच्या आधीच्या नोव्हेंबरात त्यांनी मुंबईतून एक सेकंडहँड युरोपियन कन्व्हर्टिबल उचलली. अकरा वर्षं जुनी, चार सीट, कापडी टप, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ड्राइव्ह मागच्या चाकांना. एकोणीस लाखाला पडली. नवीन घ्यायची तर आज गणित फारच वेगळं आहे, मर्सिडीजची सीएलई कॅब्रिओलेट ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याकडे आली ती १ कोटी १० लाखाला, तीही शोरूमची किंमत, त्यामुळे एवढ्या पैशात टप उघडणारी मोठी गाडी हवी तर जुनीच बघावी लागते.

भाऊंचा हिशोब असा की पाहुण्यांना संध्याकाळी वेळणेश्वर-हेदवीपर्यंत चक्कर मारून आणायची, लग्नाच्या आधीचे फोटो काढायला जोडपी येतात त्यांना गाडी उभी करून द्यायची, त्यावर होमस्टेचं नाव होईल. आबा, म्हणजे भाऊंचे वडील, वय पंच्याऐंशी, गाडी दारात आली तेव्हा एवढंच म्हणाले, "आमच्या घराचं छप्पर वादळात गेलं तेव्हा आम्ही रडलो, आणि तू छप्पर नसलेलं पैसे देऊन आणलंस."

पण डिसेंबर ते मे गाडीने खरंच मजा दिली. मी स्वतः एकदा बसलोय. वेळणेश्वरच्या वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, संध्याकाळी टप उघडा टाकून चाळीसच्या वेगाने जाताना आधी काजूच्या मोहोराचा वास येतो, मग कुठल्यातरी वळणावर एकदम खाली समुद्राचा खारा वारा लागतो. बंद गाडीत एसी लावून हे कळतच नाही.

गाडी कशी बनलेली असते, थोडक्यात

हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं.

साध्या गाडीचं छप्पर नुसतं पावसासाठी नसतं, ते गाडीच्या ताकदीचा भाग असतं. काडेपेटी घ्या. बाहेरचं खोकं आणि आतला ड्रॉवर एकत्र असताना पिळून बघा, आणि मग नुसता ड्रॉवर पिळून बघा. कन्व्हर्टिबल म्हणजे नुसता ड्रॉवर. मग ती ताकद भरून काढायला दरवाज्याखालच्या पट्ट्या जाड करतात, काचेच्या बाजूच्या खांबांत भक्कम स्टील घालतात, खालून आडवे-तिरके आधार देतात, आणि त्यामुळे उघडी गाडी तिच्याच बंद भावापेक्षा हलकी नसते तर चांगली शंभर-दीडशे किलो जड असते. लोकांना वाटतं छप्पर काढलं म्हणजे वजन कमी! एवढं करूनही खराब रस्त्यावर पुढची काच आणि डॅशबोर्ड एकमेकांविरुद्ध थरथरताना जाणवतात. गुहागर-चिपळूण रस्त्याच्या खडबडीत तुकड्यावर हे जाणवायचंच.

उलटली तर डोकं वाचवायला मागच्या सीटमागे लपलेले बार असतात, एका क्षणात वर उसळतात. मर्सिडीजने १९८९ च्या एसएलमध्ये असा बार दिला होता, ०.३ सेकंदात उभा राहायचा. वाऱ्याची गंमत अशी की टप उघडा असताना तो पुढून कमी लागतो, काचेवरून वर जाऊन मागे वळतो आणि मानेवर आपटतो. त्यासाठी पुढच्या सीटमागे जाळी लावतात. मर्सिडीजनेच २००४ मध्ये एसएलके गाडीत मानेवर गरम हवा सोडायची सोय दिली. तिकडच्या थंडीत बरी असेल, आपल्याकडे मे महिन्यात कुणी गार हवा सोडणारं यंत्र काढलं तर मी पहिला गिऱ्हाईक.

परफॉर्मन्सचं म्हणाल तर कागदावर गाडी मस्त होती, ० ते १०० साताठ सेकंदांत. पण सागरी महामार्गावर साठ-सत्तरच्या वर जायला जागा कुठाय, आणि समोरून एसटी आली की तुम्हाला कडेच्या जांभ्याच्या मातीत उतरावंच लागतं. खरा प्रश्न जमिनीपासूनच्या उंचीचा. अशी गाडी खालून जेमतेम बारा-तेरा सेंटीमीटर असते आणि पुढचं नाक चाकापासून लांब पुढे आलेलं, त्यामुळे गावागावांतले स्पीडब्रेकर तिरके घ्यायला लागायचे.

आता टप. कापडी टप म्हणजे साधं कापड नसतं. वर विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, आत अस्तर, आणि महागड्या गाड्यांत मध्ये आवाज अडवायला जाड पॅडिंग. हे सगळं ॲल्युमिनियमच्या कमानींवर ताणलेलं असतं, पोर्शे ९११ सारख्या गाडीत तर वजन वाचवायला मॅग्नेशियमही वापरलंय. डिकीत एक छोटा इलेक्ट्रिक पंप तेलाचं प्रेशर करतो, ते तेल सिलिंडरात जातं आणि टप घडी होऊन मागच्या झाकणाखाली बसतो. वर म्हटलेल्या सीएलईचा टप २० सेकंदांत होतो आणि ६० च्या वेगापर्यंत चालत्या गाडीतही होतो. भाऊंच्या गाडीला पंचवीस सेकंद लागायचे, आणि पाहुणे ते पंचवीस सेकंद मोबाईलवर शूट करायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मलाही तेव्हा नीट कळलेली नव्हती. असा टप पाणी पूर्ण अडवतच नाही. कापड जिथे काचेला आणि मागच्या झाकणाला भेटतं तिथून थोडं पाणी आत येणारच असं धरूनच गाडी बनवतात. आत आलेलं पाणी एका पन्हळीत पडतं, पन्हळीच्या टोकाला भोक, भोकाला रबरी नळी, आणि नळी मागच्या चाकाच्या मागे खाली उघडते. म्हणजे आपल्या कौलारू घराचीच पद्धत, कौलाखालून थोडं झिरपलं तरी चालतं, पन्हळ मोकळी पाहिजे. जर्मनीत वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ३००० च्या वर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

अडचण

जूनचा पहिला आठवडा. मिरग लागायला दोन-तीन दिवस होते. भाऊ आणि त्यांचा पुतण्या दापोलीला एका साखरपुड्याला गेले होते. परत येताना ऊन होतं म्हणून टप उघडा. दाभोळला जेटीवर आले तर फेरीबोट पलीकडे धोपाव्याला होती, रांगेत उभे राहिले. पुतण्याने समुद्राकडे बघितलं तर काळंकुट्ट झालेलं. त्याने बटण दाबलं. मागचं झाकण उघडलं, टप डिकीतून वर आला, उभा झाला, आणि तिथेच थांबला. बीप बीप बीप. झाकण आ वासलेलं, टप शिडासारखा उभा, आणि पाच मिनिटांत पाऊस.

इथे मला फोन आला. मी म्हटलं बटण सोडा, परत दाबा. झालं नाही. परत दाबा. इंजिन चालू आहे का हे मी विचारलंच नाही आणि ते बंद होतं. सात-आठ वेळा दाबून त्यांनी बॅटरी अर्धी केली. ही माझी पहिली चूक.

आता निर्णय घ्यायचा होता. बोट लागत होती. एक तर चढायचं, नाहीतर मागे फिरून दापोली-खेड-चिपळूण असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा घालायचा, उघड्या गाडीने, पावसात, अंधारात. आणि टप उभा असताना चाळीसच्या वेगाला वारा त्याला कागदासारखा फाडेल. बोटीने गेलं तर नदीपलीकडून घर जवळ, पण बोटीच्या रॅम्पवर चढायचं होतं आणि ओहोटी होती. ओहोटीला जेटी आणि बोट यांच्यातला कोन जास्त पडतो, आणि नाक घासणार हे नक्की.

भाऊंनी बोट निवडली, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. मदत दाभोळच्या माणसांनी केली. एक जूनपासून मासेमारी बंद असते ना, ती जुलैअखेरपर्यंत, त्यामुळे बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या होत्या आणि ताडपत्र्या हाताशी होत्या. दोघा पोरांनी एक निळी ताडपत्री आणली, उभा टप, उघडं झाकण, सगळ्यावरून टाकली आणि नायलॉनच्या दोरीने आरशापासून मागच्या बंपरपर्यंत आवळली. बोटीवरच्या माणसाने रॅम्पखाली दोन फळ्या टाकल्या आणि सांगितलं सरळ नको, तिरका घे, एक चाक आधी चढव. तरी नाक घासलंच, पण बंपर निघाला नाही. पलीकडे धोपाव्याला उतरून वीसच्या वेगाने घरी. भाऊ सांगतात, बोटीवरच्या एका आजीने विचारलं, "गणपती आत्ताच आणलात काय?"

दुसऱ्या दिवशी काय दिसलं

सकाळी मी गेलो. डिकीतलं कार्पेट उचललं आणि दोन्ही बाजूंच्या खोबणीत चार बोटं पाणी. डाव्या खोबणीत टपाचा पंप, त्याच्या शेजारी टपाचा कंट्रोल बॉक्स, आणि म्युझिकचा ॲम्प्लिफायर. तिघेही पाण्यात बसलेले. ही रचना बघून पहिल्यांदा मी डोक्याला हात लावला, गाडीतली सगळ्यात नाजूक तीन यंत्रं गाडीच्या सगळ्यात खोल खड्ड्यात! पण मग विचार केला, टप घडी होऊन बसला की मागे जागा उरते कुठे, जिथे जागा मिळाली तिथे बसवलं असणार.

पण एवढं पाणी आलं कुठून? कालच्या पावसाचं वाटेना, कारण पाणी काळपट होतं आणि वास येत होता, म्हणजे जुनं. मी टॉर्च घेऊन टपाखालच्या पन्हळीत बघितलं. भोक दिसेनाच. बोटाने चाचपलं तर काहीतरी मऊ लागलं, चिमटा घालून ओढलं तर सुरूच्या काड्यांचा एक गोळा निघाला, पक्ष्याच्या घरट्याएवढा, लाल धुळीने लिंपलेला. उजवीकडेही तसाच. सुरूच्या त्या बारीक सुईसारख्या काड्या किती आत जातात हे समुद्राकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको, पायजम्याच्या शिवणीत सापडतात. गाडी सहा महिने त्याच सुरूच्या सावलीत उभी राहायची, कारण नारळाखाली लावायची तर नारळ किंवा झावळी पडायची भीती. त्यात रोज सकाळी प्रेशर पंपाने गाडी धुवायची सवय. त्या धुण्याने काड्या आत ढकलल्या गेल्या आणि पाणी साचत गेलं. मे महिन्यात वळवाच्या दोन सरी झाल्या होत्या, त्याने भर पडली. दाभोळच्या जेटीवर फक्त तेवढ्या दिवसांचा हिशोब पुरा झाला.

आबा खुर्ची टाकून बघत बसले होते. तो गोळा बघून म्हणाले, "मे महिन्यात घर शाकारतो तेव्हा पन्हळ साफ करतो. हिची कुणी केली नाही?"

कोणीच केली नव्हती. गाडी घेताना टायर, इंजिन, कागदपत्रं, सगळं तपासलं. मीच तपासलं होतं.

पर्याय

चार होते आणि त्या दिवशी दुपारी जेवताना सगळ्यांवर बोलणं झालं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेणं. गुहागरपासून जवळ असं कुठलंच नाही, कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा गोवा, म्हणजे फ्लॅटबेड आणि घाट आणि पावसाळा. फोनवर एका ठिकाणी विचारलं तर त्यांनी सांगितलं की पाणी गेलेले भाग आम्ही दुरुस्त करत नाही, पंप, बॉक्स, वायरिंग नवीनच, साडेतीन ते चार लाखाची तयारी ठेवा, पार्ट यायला सहा आठवडे. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते चूक बोलत नव्हते, वॉरंटी द्यायची तर नवीनच घालणार.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना पंप आणणं. भाव चाळीस-पन्नास हजार. पण जुना पंप चालेलच याची खात्री नाही, आणि कंट्रोल बॉक्स दुसऱ्या गाडीचा लावला तर तो या गाडीशी कोडिंग करून जुळवावा लागतो, ते मशीन माझ्याकडे नाही.

टप हाताने बंद करून कायमचा तसाच ठेवणं. पुतण्याच्या बायकोचं हे मत, आणि तिने एक वाक्य असं टाकलं की सगळे गप्प. "वर्षातले चार महिने तशीही बंदच ठेवायची आहे, मग घाई कसली, पैसे आत्ताच का घालायचे?" माझ्या मते चर्चेतला सगळ्यात शहाणा मुद्दा हाच होता आणि आम्ही तो निम्माच ऐकला.

चौथा पर्याय, इथेच उघडून वाळवून बघणं. मी म्हटलं, चार दिवस द्या. चार दिवसांत नाही झालं तर हाताने टप बंद करतो आणि गाडी ऑक्टोबरपर्यंत उभी राहू दे. भाऊंनी हे मान्य केलं. आधीच मुदत ठरवली हे बरं झालं, नाहीतर असल्या कामात माणूस वाहवत जातो, "आता एवढं केलंच आहे तर" म्हणत.

काय केलं

सगळ्यात आधी बॅटरी काढली. मग टप हाताने बंद केला. बहुतेक हायड्रॉलिक टपांना पंपावर प्रेशर सोडायचा एक स्क्रू असतो, तो ढिला केला की कमानी हाताने हलतात. हे काम एकट्याने करायचं नाही. टप दोन्ही बाजूंनी एकसारखा उचलला नाही तर कमान वाकते, आणि वाकलेली कमान म्हणजे खरे लाख रुपये. आम्ही चौघं होतो, दोघं वर, एक झाकणाला, एक नुसता बोटं कुठे अडकत नाहीत ना बघायला.

पंप आणि बॉक्स बाहेर काढले. बॉक्स उघडल्यावर पिना हिरव्या झालेल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ ब्रश घेऊन दोन तास घासलं, मग खोबरं वाळवायच्या माळ्यावर दोन दिवस ठेवलं. कुणीतरी तांदळात ठेवा म्हणालं, मोबाईलचा तो उपाय मला कधी पटला नाही, तांदळाचा भुसा आत जातो. पंपाची मोटर चिपळूणच्या वाइंडिंगवाल्याकडे दिली. मोटरला आतून करंट देणारे ब्रश गंजून अडकले होते, त्याने दुसऱ्या मोटरचे ब्रश घासून मापाचे करून बसवले. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला खरा कारागीर तो, आणि त्याने घेतले साडेआठशे रुपये.

तेलावरून थोडा वाद झाला. पंपातलं तेल पांढुरकं झालं होतं, म्हणजे पाणी मिसळलेलं. पुतण्या म्हणाला ब्रेक ऑइल घाला, तेही हायड्रॉलिकच ना. नाही! टपाच्या पंपात बहुतेक खनिज तेलासारखं तेल असतं आणि त्याची सीलं त्याच तेलासाठी बनलेली असतात, ब्रेक ऑइल घातलं की ती फुगतात आणि काही दिवसांनी सगळे सिलिंडर गळायला लागतात. योग्य तेल पुण्याहून एसटी पार्सलने मागवलं, त्यात दीड दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडलं. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन चालू, बटण दाबलं. काहीच नाही. पंपाचा आवाजसुद्धा नाही.

इथे माझी दुसरी चूक. मला वाटलं बॉक्स गेला. उरलेला अख्खा दिवस मी वायर तपासण्यात घालवला, मीटर घेऊन, घामाघूम, वरून पाऊस. संध्याकाळी पुतण्याचा दहा वर्षांचा मुलगा डिकीत डोकावून म्हणाला, काका ही पट्टी लोंबतेय. डिकीत एक सरकता पडदा असतो, टप घडी होऊन कुठपर्यंत येणार ती हद्द दाखवणारा. तो खाली हुकात बसलेला असेल तरच गाडी टप हलवायला परवानगी देते, नाहीतर सामानावर टप आपटेल. मे महिन्यात भाऊंनी याच डिकीतून आंब्याच्या पेट्या नेल्या होत्या, आणि पेट्या बसेनात म्हणून पडदा वर दाबला होता. प्लास्टिकचा हुक तडकलेला होता, या सगळ्या ओढाताणीत तो पूर्ण तुटला. तारेने बांधून पडदा खाली धरला, बटण दाबलं, आणि टप उघडला. थोडा कुरकुरत, पण उघडला.

कापडाचं एक काम राहिलं होतं. ताडपत्रीच्या दोरीने मागच्या कोपऱ्यावर शिवण उसवली होती, वीतभर. त्यासाठी रिक्षाचे हूड शिवणारा एक कारागीर बोलावला. तो आला, टपाभोवती एक फेरी मारली, दोनदा उघड-बंद करायला लावलं आणि म्हणाला, "रिक्षाचापण असाच घडी होतो, फक्त त्याला बटण नाय." त्याने जुन्याच भोकांतून सुई घालून शिवलं, नवीन भोकं पाडली नाहीत, आणि आतून रबर सोल्यूशन लावून पट्टी चिकटवली. आजतागायत तिथून थेंब आलेला नाही.

पन्हळीच्या नळ्या साफ करायला आम्ही जाड तंगूस वापरली, मासे गळाला लावायची. वरून घातली, हळूहळू फिरवत खाली चाकामागे काढली. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होतो, पण नळी मध्येच जोडावरून सुटली तर पाणी परत डिकीतच. मग वरून एक तांब्या पाणी ओतलं आणि चाकामागे बघत बसलो. आधी काळं आलं, मग लाल, मग स्वच्छ.

निकाल

माझी मजुरी धरून सगळा खर्च साधारण ३८ हजार. टप चालतो. घडी व्हायला आता सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद लागतात, म्हणजे पंप पहिल्यासारखा नाही, आणि तो कधी जाईल सांगता येत नाही हे मी भाऊंना लिहून दिलंय. ॲम्प्लिफायर मेला, त्यावर पैसे घालायचे नाहीत ठरलं, म्हणून गाडीत पुढचे दोनच स्पीकर वाजतात. डिकीतला वास दोन महिने गेला नाही. कार्पेट धुतलं, उन्हात घातलं (उन्हात म्हणजे ऊन पडेल तेव्हा), तरी दमट दिवशी येतोच.

गाडीची जागा बदलली. सुरूखालून काढून वाडीच्या मागे पत्र्याची शेड केली, तिन्ही बाजू उघडी. कव्हर घालायचं नाही, कोकणच्या दमटपणात कव्हराखाली आठवड्यात बुरशी येते. पावसाळाभर गाडी रस्त्यावर जात नाही. आठवड्यातून एकदा शेडमध्येच, कापड कोरडं असताना, टप उघडायचा आणि बंद करायचा. ओला टप घडी करून कधीच ठेवायचा नाही. प्रेशर पंपाने धुणं बंद, बादली आणि फडकं.

धंद्याच्या बाजूने, पावसाळ्यातली दोन शूट रद्द करावी लागली, त्यातल्या एका जोडप्याने वाईट रिव्ह्यू दिला. भाऊंना ते लागलं. मला ते बरोबर वाटतं, पैसे घेतलेत तर गाडी द्यायला हवी होती, आणि पावसाळ्यात बुकिंग घ्यायलाच नको होतं.

काय वेगळं करता आलं असतं

गाडी घेताना मी पन्हळीत पाणी ओतून बघायला हवं होतं. एक तांब्या पाणी आणि दोन मिनिटं. चाकामागे पाणी आलं नाही तर डिकीचं कार्पेट उचलून बघायचं, जुन्या कन्व्हर्टिबलचा खरा इतिहास तिथे सापडतो, सर्व्हिस बुकात नाही.

जेटीवर फोन आल्यावर मी आधी तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या. इंजिन चालू आहे का, डिकीतला पडदा खाली आहे का, गाडी सपाट जागी आहे का. तिथे पडदा कदाचित नडला नसेल कारण टप अर्धा तरी आला, पण विचारलं असतं तर तडकलेला हुक तेव्हाच सापडला असता आणि माझा एक दिवस वाचला असता. आणि बटण दोनदा दाबून झालं नाही तर तिसऱ्यांदा दाबायचं नाही, पाण्यात बसलेल्या मोटरला करंट देत राहणं म्हणजे ती जाळणं.

बोटीवर चढण्याचा निर्णय मी परत तोच घेईन. फक्त भरतीची वेळ बघून निघाले असते तर रॅम्पचा कोन कमी मिळाला असता आणि नाक वाचलं असतं. भाऊ जन्मापासून समुद्राकाठी राहतात, भरती-ओहोटी त्यांना तोंडपाठ, पण गाडी घेतल्यापासून ते भरती बघायचे विसरले असं आबा म्हणतात.

पुतण्याच्या बायकोच्या मुद्द्यावर मी अजून विचार करतो. खरं तर चार दिवस घाईने दुरुस्ती करायचं काही कारण नव्हतं. वाळवणं आणि साफ करणं लगेच हवं होतं, कारण गंज थांबत नाही. पण पंप, तेल, जोडणी हे सगळं ऑक्टोबरात कोरड्या हवेत शांतपणे करता आलं असतं, मोटरला नीट मापाचे ब्रश मागवता आले असते, आणि मग कदाचित ते पंचवीस सेकंद पंचवीसच राहिले असते. आम्ही घाई केली कारण टप अर्धवट उभा राहिलेला भाऊंना बघवत नव्हता. मला पण नव्हता.

या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात मी दुसऱ्या कामाने गुहागरला गेलो होतो. घराच्या पन्हळी साफ करायला गडी आले होते, शिडी लावलेली. आबा शेडमध्ये गाडीमागे उकिडवे बसले होते, हातात टॉर्च, आणि पणतू वर टपाच्या कडेला तांब्या घेऊन उभा. "ओत," आबा म्हणाले. डावीकडून पाणी आलं. उजवीकडून थेंबथेंब. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तंगूस मागितली.